उडी शिकवण्याआधी उतरणे शिकवा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

जूनमध्ये शाळा भरतात आणि आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात ऐन पावसात क्रीडास्पर्धांची तयारी सुरू होते. हायस्कुलात क्रीडाशिक्षक बहुधा एकच. मुलींचा बास्केटबॉल संघ त्याच सरांनी किंवा बाईंनी बसवायचा. लांब उडी, उंच उडी, तिहेरी उडीलाही मुली त्यांनीच तयार करायच्या. मुलीही त्याच, आठवी ते दहावीतल्या आठ-दहा जणी. उंच दिसली की बास्केटबॉलला घ्यायची, चांगली पळते म्हटले की लांब उडीला नाव द्यायचे, अशी रीत आहे. या रीतीला आमची हरकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच हाताखाली शिकल्या तर फायदाच होतो. पण दोन्हींचा भार मुलीच्या त्याच दोन गुडघ्यांवर येतो. तो पेलायची तयारी शाळा करून घेते का, हे पालकांनी, मुख्याध्यापकांनी आणि एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) सदस्यांनी विचारायला हवे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

वयात येताना मुलीची उंची आणि वजन झपाट्याने वाढते. मांडीच्या मागच्या आणि खुब्याभोवतीच्या स्नायूंची ताकद मात्र आपोआप त्या प्रमाणात वाढत नाही, ती व्यायामाने आणावी लागते. ती नसली की उडीवरून खाली येताना गुडघे आत, एकमेकांकडे कलतात. गुडघ्याच्या आत एसीएल नावाचा एक चिवट बंध असतो. तो तुटण्याचे प्रमाण उड्यांच्या आणि वळणाच्या खेळांत मुलांपेक्षा मुलींत दुपटीहून अधिक आढळते. त्यातही बहुतेक वेळा कोणी धडकलेले नसते. रिबाउंड, म्हणजे रिंगला लागून परतलेला चेंडू, घेऊन खाली येताना, पळता पळता एकदम थांबताना किंवा एका पायावर गर्रकन वळताना बंध तुटतो. ऑपरेशन करावे लागले तर मैदानावर परतायला नऊ महिने ते एक वर्ष लागते. नववीतल्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ तिचा शाळेतला खेळ तिथेच संपला, असा होतो.

म्हणून पहिले दोन आठवडे रिंग आणि वाळू बाजूला ठेवावी आणि फक्त उतरणे शिकवावे. साधन म्हणून एक चिरा पुरे. वीतभर उंचीच्या त्या चिऱ्यावरून मुलीने मातीवर किंवा गवतावर दोन्ही पायांनी उतरायचे. पायाचे चवडे आधी टेकतील, लगेच टाचा टेकतील, गुडघे आणि खुबे एकदम वाकतील, पाठ सरळ राहून छाती थोडी पुढे येईल. मग तीन आकडे मोजेपर्यंत तसेच थांबायचे. शिक्षकाने समोर उभे राहून एकच गोष्ट बघायची: गुडघा पायाच्या मधल्या बोटाच्या रेषेत आहे की अंगठ्याच्या आत गेला आहे. बाजूने पाहिले तर हे दिसतच नाही. मोबाईल जमिनीपासून हातभर उंचीवर धरून समोरून चित्रण करावे आणि मुलीला दाखवावे. ‘गुडघे आत घेऊ नकोस’ हे दहा वेळा सांगून जे साधत नाही, ते एकदा पाहिल्यावर तिला उमगते. कानही उघडे ठेवावेत. चांगली उतरणारी मुलगी जवळजवळ आवाज न करता उतरते. धप्प आवाज आला तर गुडघे वाकलेच नाहीत, सगळा दणका हाडांनी घेतला, असे समजावे.

पाच-पाच वेळा असे तीन फेर, आठवड्यातून तीन दिवस. हे जमल्यावर उडी घेऊन हवेत पाव वळसा घेत उतरणे, नंतर एका पायावर उतरून थांबणे. एका पायावर थांबताना कंबर एका बाजूला झुकली की खुबा कच्चा आहे असे ओळखावे आणि पुन्हा दोन पायांवर आणावे. यासोबत ताकदीचे व्यायाम हवेत. बैठका, एक पाय पुढे टाकून वाकणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे, कुशीवर कोपराचा आधार घेऊन अंग सरळ धरणे आणि चवड्यांवर उठणे. मांडीच्या मागच्या बाजूसाठी एक व्यायाम फार उपयोगी आहे. मुलीने गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदारणीने तिचे घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि मुलीने कंबरेत न वाकता जमेल तितके सावकाश पुढे झुकत जाऊन शेवटी हातांवर तोल घ्यायचा. सुरुवातीला तीन ते पाच वेळा पुरे, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच भरून येतात. हे सगळे पंधरा-वीस मिनिटांत होते. आठवड्यातून दोन-तीनदा, हंगामभर न चुकता असा सराव केल्यास गुडघ्याच्या दुखापती घटतात, हे अनेक देशांतल्या मुलींच्या संघांवर तपासून पाहिलेले आहे. स्पर्धा तोंडावर आली की आधी हाच सराव गळतो, आणि नेमके तेव्हाच त्याची गरज सर्वांत जास्त असते.

आता दोन्ही खेळ एकत्र शिकवण्याचा फायदा कुठे, ते पाहू. बास्केटबॉलमध्ये पळत येऊन रिंगजवळ उडी घेत चेंडू टाकणे म्हणजे लेअप. उजव्या हाताचा लेअप घेताना मुलगी उजवे पाऊल टाकते, मग डावे, आणि डाव्या पायावरून उडते. उजवा गुडघा आणि उजवा हात बरोबर वर जातात. यातले पहिले पाऊल लांब, दुसरे आखूड आणि चटकन. लांब उडीतही शेवटून दुसरे पाऊल किंचित लांब पडते, अंग थोडे खाली येते आणि शेवटचे पाऊल आखूड, वेगाने आणि पूर्ण तळव्याने, जिथून उडी घ्यायची त्या फळीवर पडते. ठेका एकच आहे. ज्या मुलीला लेअपमध्ये तो सापडला, तिला फळीवर तोच आठवायला सांगावे. फरक दिशेत आहे. लेअपमध्ये पळण्याचा वेग वरच्या दिशेने वळवायचा असतो. लांब उडीत वेग राखून जेमतेम वीस अंशांच्या आसपास वर जायचे असते. बास्केटबॉल खेळणारी मुलगी लांब उडीत फार उंच जाते आणि वाळूत जवळच पडते, त्याचे कारण हेच. तिला ‘अजून जोरात उडी मार’ असे सांगून उपयोग नाही, ‘फळीवरून पळत पुढे जा’ असे सांगावे. उंच उडीत मात्र लेअपची सवय जशीच्या तशी कामी येते. शिवाय बास्केटबॉलमध्ये डाव्या हाताचा लेअपही करून घेतला तर दोन्ही पाय तयार होतात. फक्त उड्या मारणाऱ्या मुलीचा एकच पाय वर्षभर मार खात असतो.

लांब उडीत माप कमी भरते ते बहुतेक रनअपमुळे, म्हणजे फळीपर्यंतच्या धावेमुळे. शाळकरी मुलीला वय जितके, साधारण तितकी पावले पुरतात. चौदा वर्षांच्या मुलीला तेरा ते पंधरा. लांबून पळत आल्याने वेग वाढतो हा समज चुकीचा आहे. तिशीतल्या खेळाडूचा रनअप शाळकरी मुलीने घेतला तर फळीपाशी येईपर्यंत तिचा दम आणि वेग दोन्ही उतरलेले असतात. मोजण्याची पद्धत सोपी आहे. फळी विसरून मोकळ्या मैदानावर फक्कीची एक रेघ मारावी. मुलीने दर वेळी त्याच पायाने, त्याच पद्धतीने सुरुवात करून जोरात पळावे. चौदावे पाऊल जिथे पडते तिथे शिक्षकाने खूण करावी. आठ-दहा वेळा पळवल्यावर बहुतेक खुणा हातभर जागेत जमतात. त्या जागेच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे, आणि टाचेला बोट लावत मुलीच्या स्वतःच्या पावलांनीही मोजून ठेवावे. दुसऱ्या गावच्या मैदानावर टेप हाताशी असेलच असे नाही, तिचे पाऊल तिच्याजवळच असते.

उडताना पाय फळीच्या पुढे पडला की फाऊल. तो का होतो, हे नीट पाहिले पाहिजे. मुलगी फळीवरून पुढे गेली म्हणून तिला सरसकट फूटभर मागे सरकवले जाते. शेवटच्या चार पावलांची सुरुवात जिथून व्हायला हवी तिथे शिक्षकाने कडेला खूण ठेवावी. त्या खुणेवर पाय बरोबर पडला आणि तरी फाऊल झाला, तर ती शेवटची पावले ताणते आहे. तिची मान खाली आणि नजर फळीवर असणार. अशा मुलीला खड्ड्यापलीकडचे एखादे झाड बघायला लावावे. खुणेवरच पाय पुढे पडला असेल तर सुरुवातीची पावले बदलली आहेत, आणि तेव्हाच सुरुवातीची जागा हलवावी. समोरून वारा असेल किंवा धावपट्टी ओली, जड झाली असेल तर पावले आखडतात; अशा वेळी सुरुवात अर्धा-एक फूट पुढे घ्यावी. येळ्ळूर-वडगावकडच्या काळ्या मातीत पावसानंतर बुटाला चिखलाचा थर चिकटतो, तेव्हा दर उडीआधी तळवा खरवडण्यासाठी कडेला एक पोते अंथरलेले असावे. तांबड्या मातीत हा त्रास कमी.

वाळूच्या खड्ड्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त हयगय इथे होते. खड्ड्याची रुंदी निदान पावणेतीन मीटर हवी. फळीच्या पुढच्या कडेपासून खड्ड्याचे शेवटचे टोक निदान १० मीटर असावे. फळी खड्ड्यापासून १ ते ३ मीटरवर असते; ती २ मीटरवर धरली तर खड्डा ८ मीटर लांब झाला. वाळूची जाडी ४० सेंटीमीटर धरली तर साधारण ३१० घनफूट, म्हणजे तीन ब्रासच्या थोडी वर वाळू लागते. अनेक शाळांत एक ब्रास आणून पसरली जाते. ती वीतभरही भरत नाही आणि मुलीची टाच थेट खालच्या मुरमावर आदळते. एसडीएमसीच्या सदस्यांनी एक लोखंडी सळई घेऊन चार ठिकाणी खुपसून पाहावी, दोन मिनिटांत खरे काय ते कळेल.

वाळूखाली वीतभर खडी आणि त्यावर जुनी शेडनेट अंथरावी. खडीतून पाणी निचरते आणि नेटमुळे वाळू खडीत जात नाही. खड्ड्याच्या कडेला चर काढावा. तो नसला की जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात माती वाहून वाळूत मिसळते आणि दिवाळीपर्यंत खड्ड्याचा ओटा होतो. नदीची जाडसर, धुतलेली वाळू उत्तम. एम-सँडचे, म्हणजे दगड दळून केलेल्या वाळूचे, कण टोकदार असतात आणि त्यात दगडाची भुकटी असते. पाणी पडले की ती घट्ट बसते. नाइलाजाने तीच वापरायची झाली तर चाळून भुकटी काढून टाकावी. कडा दगडी किंवा सिमेंटच्या धारदार ठेवू नयेत. लाकडी फळी किंवा उभे कापलेले जुने टायर लावावेत.

एवढे करूनही सराव सुरू करण्यापूर्वी खड्डा फावड्याने पूर्ण खणायलाच हवा, वरवर दंताळे फिरवून भागत नाही. वाळू ओली असेल तर ती आतून बसलेली असते. वरचा चार बोटांचा थर भुसभुशीत आणि खाली टणक, हा प्रकार सगळ्यांत फसवा. खणून झाल्यावर वाळूची पातळी फळीच्या बरोबरीने आणावी. वाळू खाली गेलेली असेल तर उडी मापात उगीच जास्त भरते आणि मुलगी जास्त उंचीवरून आदळते. शाळेत साडेचार मीटर भरलेली उडी जिल्ह्याच्या मैदानावर सव्वाचार का होते, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा शाळेच्या खचलेल्या वाळूत सापडते. सराव संपल्यावर ताडपत्री घालावी. कुत्री-मांजरे उघड्या वाळूत घाण करतात आणि रात्री कोण बाटली फोडून जाईल ते सांगता येत नाही.

तिहेरी उडीत एक चूक वारंवार दिसते. मोठ्या महिला खेळाडूंसाठी फळी खड्ड्यापासून ११ मीटरवर असते, म्हणून शाळेतही ती तिथेच आखली जाते. नऊ मीटर झेपणारी मुलगी त्या फळीवरून निघाली तर तिसरी उडी खड्ड्यात पोचतच नाही, ती कडक धावपट्टीवर पडते. अशा मुलीसाठी ७ मीटरवर फक्कीची फळी आखावी आणि ताकद वाढेल तशी मागे न्यावी. शिवाय ज्या मुलीला एका पायावर उतरून स्थिर राहता येत नाही, तिचे नाव तिहेरी उडीला देऊच नये, मग शाळेची जागा रिकामी राहिली तरी चालेल.

उंच उडीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: गादी नसेल तर फॉस्बरी नको. डिक फॉस्बरी यांनी १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये पाठीवरून जाणारी ती उडी मारून सुवर्णपदक मिळवले आणि पुढे जगाने ती पद्धत उचलली. आपल्याच कर्नाटकच्या सहना कुमारी यांनी २०१२ मध्ये १.९२ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. अशा उड्या मोबाईलवर पाहून मुलींना ती पद्धत शिकावीशी वाटते, आणि ही हौस चांगलीच आहे. पण या उडीत मुलगी खांद्यांवर आणि पाठीवर पडते, मान जरा चुकली तर मानेवर. स्पर्धेची गादी ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ७० सेंटीमीटर जाड असते, ती याचसाठी. वाळूत किंवा जिम्नॅस्टिकच्या पातळ मॅटवर ही उडी करून घेणे म्हणजे मुलीच्या मणक्याशी खेळ आहे. ज्या शाळेत फक्त वाळू आहे, तिथे कात्री उडीच शिकवावी. उभ्या अंगाने, पायांवर उतरणारी ही उडी कमी दर्जाची मानली जाते, पण पायाचा ठोका, गुडघ्याचा झटका आणि अंग ताठ ठेवणे हे सगळे तिच्यातच पक्के होते. ज्या मुलीची कात्री चांगली, तिला पुढे गादी मिळाली की फॉस्बरी शिकायला वेळ लागत नाही.

गादी असेल तर रनअप फक्कीने आखून द्यावा. आठ पावले पुरेत: चार सरळ, चार वळणावर. सहा-सात मीटर दोरीचे एक टोक खुंटीला बांधून दुसऱ्या टोकाने वळण आखले की ते नेमके उमटते. डाव्या पायाने उडणारी मुलगी आडव्या काठीकडे तोंड केल्यावर उजव्या बाजूने येते. वळणावर पळताना अंग आतल्या बाजूला कलते आणि तोच कल उडताना अंगाला वर नेतो. मुली बहुधा शेवटच्या दोन पावलांत वळण कापतात, सरळ काठीवर धावतात आणि काठी छातीने पाडतात. अशा वेळी काठी खाली आणून काही होत नाही, वळण पुन्हा पळायला लावावे. सरावाला काठीऐवजी रबरी पट्टा बांधला की भीती जाते. स्पर्धेची काठी ४ मीटर लांब, गोल आणि २ किलोपेक्षा हलकी असते. बांबू चिरफाळतो, आणि त्याचे कूस पाठीत जाते. दोन गाद्या जोडून वापरत असाल तर त्या दोरीने आवळून वर एकच चादर ओढावी. मधल्या फटीत घोटा अडकून मोडतो.

बास्केटबॉलकडे येताना आधी चेंडूच पाहू. मुलींचा चेंडू ६ नंबरचा. वजन ५१० ते ५५० ग्रॅम, घेर सुमारे ७२ सेंटीमीटर. मुलांचा ७ नंबरचा, ५८० ते ६२० ग्रॅमचा आणि घेराने सुमारे ७६ सेंटीमीटर. शाळेत एकच चेंडू असतो आणि तो मुलांचा असतो. फरक किरकोळ वाटतो, पण तेरा वर्षांच्या मुलीचा पंजा त्या चेंडूवर बसत नाही. मग ती मनगटाऐवजी खांद्याने किंवा कमरेपासून ढकलते, आणि दोन वर्षांनी ती ढब मोडता मोडत नाही. म्हणून मुलींसाठी ६ नंबरचे निदान तीन चेंडू घ्यावेत. हवा पाहायची असेल तर डोक्याच्या उंचीवरून सोडावा, कमरेच्या थोडे वर-खाली उसळला की ठीक. रिंग ३.०५ मीटरवर हवी. ती लटकून वाकलेली असेल तर आधी बदलावी.

आपल्याकडे कोर्ट बहुतेक उघडे, सिमेंटचे. जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर शेवाळ धरते आणि सकाळी ते नुसते ओले वाटते, हिरवे दिसतसुद्धा नाही. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासावे, धुवावे, आठवड्याने पुन्हा पाहावे. रिंगखालची जागा आधी, कारण सगळे रिबाउंड तिथेच उतरतात. सिमेंटवर उड्यांचा वेगळा सराव कधीही घेऊ नये. तो मातीवर किंवा गवतावर. बुटांचेही पाहावे. वाढत्या अंगाला पुरावेत म्हणून घरचे एक-दोन नंबर मोठे बूट घेतात. पाय आत सरकतो, टाच घासून फोड येतो आणि वळताना बूट जागेवर राहून घोटा फिरतो. दुसरा मोजा घालून हे भागत नाही. पालकांना बोलावून हे सांगणे शिक्षकाचे काम आहे.

उड्यांचा हिशेब ठेवला पाहिजे, आणि तो वहीत. नवशिक्या मुलीला एका सरावात साठ ते ऐंशी उड्या ही मर्यादा धरावी, आणि असे दोन सराव आठवड्यात, मध्ये दोन दिवस सोडून. बास्केटबॉलच्या एका सामन्यात तीस-चाळीस उड्या सहज होतात, त्याही यातच धराव्यात. सोमवारी खड्ड्यावर आठ-दहा पूर्ण उड्या झाल्या असतील तर मंगळवारी जागेवरून रिंगमध्ये चेंडू टाकणे, पास आणि डिफेन्सची पावले घ्यावीत, गुरुवारी सामना. सांघिक खेळ आणि मैदानी स्पर्धा लागोपाठच्या दिवशी आल्या तर दोन्हींत असलेल्या मुलीचे उडीच्या तिसऱ्या प्रकारातले नाव काढून घ्यावे. चार चषकांसाठी एकाच मुलीला जुंपू नये.

गुडघ्याच्या वाटीखाली उंचवटा येऊन दुखत असेल तर वाढीच्या वयात हाडाच्या टोकावर ताण पडतो आहे. उड्या कमी कराव्यात, काही महिन्यांत बरे होते. नडगी लांबवर दुखत असेल तर विश्रांती. पण एकाच बिंदूवर बोट ठेवताच कळ येत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, डॉक्टरांकडे न्यावे. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन दोन-चार तासांत सूज आली तर चोळायला अजिबात नेऊ नये. बर्फ लावून, पाय उंच ठेवून सरळ अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे. मुलगी चालू लागली म्हणजे बरी झाली, असे नसते. दुखऱ्या पायावर सलग दहा लंगडी उड्या न दुखता मारता आल्या पाहिजेत, आणि मग पुन्हा त्या चिऱ्यापासून सुरुवात.

रक्ताचा विषय टाळून चालणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. दुसऱ्या फेरीतच धाप लागणाऱ्या मुलीला आळशी म्हणण्याआधी तिचे हिमोग्लोबिन पाहावे. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवावे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली चुपचाप दप्तरात टाकतात, कारण रिकाम्या पोटी घेतली की मळमळते. ती जेवणानंतर, समोर घ्यायला लावावी, आणि लगेच चहा पिऊ देऊ नये; चहाने लोह अंगी लागत नाही. सकाळच्या सरावाला मुली नुसत्या चहावर येतात. त्याऐवजी नाचणीची आंबील, गूळ-शेंगदाणे किंवा आपल्या शिवारातली उकडलेली रताळी चालतील. पाळीत खेळायचे की नाही हे मुलीला ठरवू द्यावे. तिला विचारायला एक बाई, बदलायला दार लागणारी जागा आणि गडद रंगाची पँट, एवढे दिले तर बहुतेक मुली खेळतात. पाळी सलग तीन महिने आली नाही तर खाणे कमी आणि श्रम जास्त होत आहेत का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना राज्याच्या साध्या बसमध्ये भाडे पडत नाही. त्यामुळे सरावाचा अडथळा आता तिकिटाचा नाही, शेवटच्या गाडीचा आहे. आडबाजूच्या गावांतल्या मुलींसाठी सराव शाळा सुटल्यावर ठेवण्याऐवजी शेवटच्या दोन तासिका आठवड्यातून तीनदा दिल्या तर संघ टिकतो. मुख्याध्यापकांच्या एका सहीचे हे काम आहे.

स्पर्धेच्या दिवशी मराठी माध्यमाच्या मुलींची एक खास अडचण होते. पुकारा कन्नडमध्ये होतो. कन्नड विषय त्या शिकतात, पण ध्वनिक्षेपकाच्या खरखरीत आणि गडबडीत शब्द कानावरून जातात, आणि पुकारा झाल्यापासून उडी सुरू करायला एकच मिनिट असते. लांब उडी म्हणजे उद्द जिगित, उंच उडी म्हणजे एत्तर जिगित, आणि आपला चेस्ट नंबर कन्नडमध्ये कसा म्हणतात, हे आदल्या दिवशी घोकून घ्यावे. ४७ नंबरच्या मुलीला ‘नलवत्तेळु’ ऐकताच उठता आले पाहिजे. लांब उडीत पहिली उडी फळीच्या चार बोटे अलीकडून का होईना, पण बिनफाऊल मारावी. तीन उड्यांनंतर पुढे फक्त आठ जणी जातात, आणि तीन फाऊल करणारीला मापच नसते.

तालुका शारीरिक शिक्षण अधिकाऱ्यांना आमची विनंती एवढीच: स्पर्धेच्या सकाळी पहिल्या पुकाऱ्याआधी खड्डा खणलेला आणि सळईने तपासलेला असावा, मुलींच्या तिहेरी उडीला जवळची फळी आखलेली असावी, गादी पुरेशी नसेल तर तिथे फक्त कात्री उडीच होईल असे आधी कळवावे, आणि मुलींच्या सामन्याला ६ नंबरचा चेंडू असावा. यातल्या एखाद्या गोष्टीची सोय नसेल तर ती स्पर्धा दुसऱ्या दिवशी घ्यावी, तोवर मुली थांबतील.

आपले,
बेळगाव व खानापूर तालुक्यांतील माध्यमिक शाळांचे काही क्रीडाशिक्षक